युद्धकाळात मिळालेली सरकारी मदत पुढे परत करावी लागेल का?

प्रश्न: आमचा खार्किवमधील वेष्टनाचा कारखाना 2022मध्ये ल्विव्हला हलवला. स्थलांतरासाठी एकरकमी अनुदान मिळाले, शिवाय नगरपालिकेने जागा नाममात्र भाड्याने दिली. तो करार अजून चालू आहे. युक्रेन युरोपीय संघात गेल्यावर ही मदत वसूल होईल, अशी शंका नवे पोलिश गुंतवणूकदार घेत आहेत.

उत्तर: या दोन मदतींचा धोका सारखा नाही, म्हणून त्या वेगळ्या तपासाव्यात.

सरकारी मदतीवरील युक्रेनचा कायदा 2014चा असून 2017पासून त्याची अंमलबजावणी मक्तेदारीविरोधी समितीकडे आहे. युद्ध सुरू झाल्यावर मदत देण्यापूर्वी समितीला आगाऊ कळवण्याचे बंधन शिथिल झाले आणि जीव मुठीत धरून यंत्रे हलवणाऱ्या उद्योगांसाठी ते योग्यच होते. तथापि, युरोपीय संघाशी झालेल्या सहयोग करारातील सरकारी मदतीची तत्त्वे (स्पर्धा बिघडवणाऱ्या मदतीला आळा घालणारी), म्हणजे कलम 262 व पुढील तरतुदी, देशांतर्गत शिथिलतेमुळे रद्द होत नाहीत.

2004मध्ये संघात नवे देश सामील झाले तेव्हा युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, प्रवेशानंतरही लागू राहणाऱ्या मदतीचीच तपासणी केली; ज्या मदतीतील शासनाची आर्थिक जबाबदारी प्रवेशापूर्वीच निश्चित होऊन संपली होती, ती त्याच्या कक्षेबाहेर राहिली. युक्रेनशी प्रवेशाची बोलणी जून 2024मध्ये सुरू झाली असून प्रवेश कराराचा मजकूर अजून ठरायचा आहे, पण याच धर्तीवर विचार झाला तर आपल्या एकरकमी अनुदानाला आयोगाकडून फारसा धोका दिसत नाही.

खरी अडचण भाड्याची आहे. बाजारभाव आणि आपण देत असलेले भाडे यांतील फरक हीच मदत, आणि ती दरमहा नव्याने मिळत राहते. प्रवेशानंतरही करार तसाच राहिला आणि प्रवेश करारातील मान्य मदतींच्या यादीत तो नसला, तर ती नवी मदत, म्हणजे आयोगाच्या तपासणीस व वसुलीस पात्र मदत, समजली जाऊ शकते. किरकोळ मदत, म्हणजे या नियमांतून सूट असलेली छोटी मदत, यातून वगळली जाते; तीन वर्षांतील अशा एकूण मदतीची मर्यादा युक्रेनमध्ये 2 लाख युरो, तर युरोपीय संघात 2024पासून 3 लाख युरो आहे. तिच्यात भाड्याबरोबर इतर सरकारी यंत्रणांकडून मिळालेल्या अशा सवलतीही मोजाव्या लागतात.

म्हणून स्वतंत्र मूल्यांककाकडून 2022पासूनच्या भाड्याचा लेखी अहवाल घ्यावा आणि फरक मर्यादेबाहेर जात असल्यास नगरपालिकेशी भाडेवाढीची बोलणी आताच सुरू करावीत. गुंतवणूक करारात ‘सर्व मदत कायदेशीर आहे’ अशी सरसकट हमी देऊ नये. दोन्ही मदती नावानिशी नोंदवून वसुली झाल्यास कोणी किती भार उचलायचा, ते रकमेसह लिहावे. त्या कलमाचा मसुदा युक्रेनमधील वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नये.