वाचकांचे प्रश्न : गोव्यात लावलेली सुई बेळगावात का बिघडते?

प्रश्न : 3.5 सीसीची नायट्रो बग्गी (रिमोटवर पळणारी, इंधनावर चालणारी छोटी गाडी) मडगावच्या मित्राकडून घेतली. ट्यूनिंग त्यानेच तिकडे करून दिलं. डिसेंबरात सकाळी झकास पळाली. आता मार्चच्या दुपारी थ्रॉटल दिला की गुदमरते, भसाभस धूर सोडते आणि बंद पडते. दोन ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे) बदलून झाले. – एक वाचक, अनगोळ

उत्तर : प्लग बिचारा निर्दोष आहे, हा घाटाचा प्रताप. मडगाव समुद्रसपाटीजवळ, बेळगाव सुमारे 750 मीटरवर. इथली हवा तिकडच्यापेक्षा साधारण 7 टक्के विरळ. सुई म्हणजे कार्ब्युरेटरमधला इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू. सुई तीच म्हणजे इंधन जवळपास तेवढंच येतं, पण ते जाळायला हवा कमी पडते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. मग डिसेंबरात कशी चालली? सुई लावली तीस अंशांत आणि गाडी पळवली चौदा अंशांत. थंडीने हवा पाच-साडेपाच टक्के दाट झाली, घाटाने नेलेलं बरंचसं परत आलं. पस्तीस अंशांच्या दुपारी तो आधार सुटला.

आता सुईकडे वळा. आधी टाकी-दीड टाकी चालवून इंजिन पुरतं तापू द्या. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग वाया जातं. इंधनाची नळी जिथे कार्ब्युरेटरला येते तिथली उभी सुई हाय-स्पीडची. पहिला हात तिलाच. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी येतं. एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच फिरवा, म्हणजे वेढ्याचा बारावा भाग, आणि दर वेळी तीस-चाळीस मीटरच्या दोन फेऱ्या मारा. फुल थ्रॉटलला आवाज मोकळा झाला आणि मागे निळसर-पांढऱ्या धुराची बारीक रेघ राहिली की थांबा. ‘अजून थोडं’ म्हणून पिळत बसलात की रेघ नाहीशी होते, सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिनाचा दम तुटतो. असं झालं तर त्याच क्षणी थ्रॉटल सोडा आणि सुई घड्याळातले दोन तास मागे फिरवा. नायट्रोमध्ये तेल इंधनातूनच येतं. इंधन कमी केलं की वंगणही कमी होतं, आणि पिस्टन व तो ज्यात सरकतो ती नळी (स्लीव्ह) त्यातच जातात.

मग लो-स्पीडची सुई. गाडी आयडलवर ठेवा (म्हणजे थ्रॉटल न देता चालू), कार्ब्युरेटरजवळ नळी चिमटीत दाबून धरा. आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर सुई जागेवर आहे. चटकन मेलं तर लीन, पाच सेकंदांहून जास्त रेंगाळलं तर रिच. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी. आधी तोच पिळणारे पुढे तासभर गोंधळतात.

टेम्परेचर गन प्लगच्या बुडाशी रोखली तर 100 ते 120 अंश दिसावेत. गन नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंदांत चुरचुरत आटला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर फार तापलंय. तरी आमचा भरवसा आधी धुरावर, मग आकड्यावर.

दुपारी लावलेल्या सुईवर दुसऱ्या दिवशी गार सकाळी गाडी काढणार असाल, तर सुरू करण्याआधी हाय-स्पीडची सुई घड्याळातल्या एका तासाएवढी उघडा.

प्रश्न : थ्रॉटल सोडला तरी आवाज लवकर खाली येत नाही. कधी येतो, कधी चढाच राहतो. सुई रोज बदलतो. – एक वाचक, खानापूर

उत्तर : सुई सोडा, हवा कुठून शिरते ते शोधा. कार्ब्युरेटरच्या मानेतलं ओ-रिंग, मागच्या प्लेटचा गॅस्केट, टाकीच्या झाकणाचं सील, नळीचं बारीक छिद्र, एवढ्याच जागा. टाकी काढा, एक तोंड बोटाने बंद करा, दुसऱ्या नळीतून फुंकत टाकी पाण्यात बुडवा. बुडबुडे जागा दाखवतील. इंजिनाच्या सांध्यावर तेलाचा थेंब सोडून फ्लायव्हील हाताने फिरवलं तरी गळती दिसते. खानापूरच्या तांबड्या धुळीत फिल्टरचा फोम दर खेळानंतर धुवा, वाळवा, फिल्टर ऑइल चोळून नीट पिळा. कोरडा फोम बारीक धूळ आत सोडतो. फ्लायव्हील फिरवताना गार इंजिन वरच्या टोकाला अडकत नसेल, सरळ गरगरत असेल, तर स्लीव्ह झिजला. तो आता सुईने बरा होणार नाही.

प्रश्न : इंधन महाग. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालून चालेल? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. नायट्रोचं इंधन मुख्यतः मेथॅनॉलचं, आणि ग्लो प्लगची प्लॅटिनमची तार त्याच्या वाफेमुळे लाल राहते. पेट्रोलवर ती विझते. साधं टू-स्ट्रोक ऑइल मेथॅनॉलमध्ये नीट विरघळतही नाही, एरंडेल विरघळतं. तयार इंधनाचा छोटा डबा घ्या आणि झाकण घट्ट लावा, कारण मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा महिनाभरात बाद होतो. मेथॅनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, आणि घोटभर पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात. म्हणून शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका.

खेळ संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवा, प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (खेळानंतर इंजिनात घालायच्या गंजरोधक तेलाचे) चार थेंब सोडा. फ्लायव्हीलवर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे पिस्टन खालच्या टोकाला ठेवूनच गाडी कपाटात जाईल.