डझनभर केळी आणि हजार लिटरची टाकी

आमची केळी कंटेनरने आखाती देशांत जातात. त्याबरोबर आपलं पाणीही जातं, असं एका शिबिरात ऐकलं. खरं का? आणि घरोघरी ठिबक असताना ट्यूबवेल खोलच का चालल्या आहेत? (केळी उत्पादक, रावेर)

खरं आहे, भाऊ. मध्यपूर्वेतले कोरडे देश पाण्यासाठी लढत का नाहीत, हे शोधताना टोनी अ‍ॅलन या ब्रिटिश अभ्यासकांना दिसलं, की ते देश धान्याच्या रूपाने पाणी विकत घेतात. त्याला त्यांनी ‘आभासी पाणी’ म्हटलं. एक किलो केळी पिकवायला जागतिक सरासरीने सुमारे 790 लिटर पाणी लागतं. दीड किलोचं डझन धरलं, तर गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरून वाहील. या सरासरीत मोठा वाटा पावसाचा आहे. आपल्याकडे मात्र पावसाळा सरला की सगळी मदार जमिनीखालच्या पाण्यावर.

ठिबकने झाडामागे पाणी वाचतं, यात शंका नाही. पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं का? बहुतेक ठिकाणी त्यावर आणखी दोन एकर केळी लागली. पूर्वी पाटाने दिलेल्या जास्तीच्या पाण्यातलं काही झिरपून पुन्हा खाली जायचं, तेही थांबलं. ठिबक हवंच, पण शिवारात केळी किती एकर लावायची हे गावाने बसून ठरवल्याशिवाय पाण्याच्या पातळीची घसरण थांबणार नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगणं भाग आहे.

आजोबा फडाच्या गोष्टी सांगतात. ती पद्धत आज उपयोगाची आहे का? (विद्यार्थिनी, साक्री)

ताई, या प्रश्नाने फार बरं वाटलं. पांझरा, मोसम या नद्यांवर तीनशे-चारशे वर्षांपासून फड चालत आले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, तर शेजारच्यात हंगामी पीक, पुढच्या वर्षी अदलाबदल. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. म्हणून पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर झळ सगळ्यांना सारखी बसे.

माझ्या आजोळी एक म्हातारे पाटकरी होते. चारीच्या तोंडाशी गवताचा बोळा आणि चिखल दाबून ते पाणी वळवायचे. मग वाफ्यात पाय रोवून उभे राहायचे. पाणी घोट्याला लागलं की पुढचा वाफा. मालक कोण, हे ते विचारत नसत. त्यांना वर्षाचं धान्य मिळे ते सगळ्यांकडून, त्यामुळे ते कुणा एकाचे मिंधे नव्हते. आजच्या पाणीवापर संस्थांना मीटर आणि पंप आहेत. या पाटकऱ्यासारखा माणूस मात्र फार थोड्यांकडे आहे.

सरकार तांदळाची निर्यात मध्येच बंद करतं. त्याचा पाण्याशी काय संबंध? (किराणा व्यापारी, अमळनेर)

जगाच्या तांदूळ निर्यातीत सुमारे 40 टक्के वाटा आपला. 20 जुलै 2023 ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली, ती सप्टेंबर 2024 मध्ये खुली झाली. कारण घरातली महागाई आणि बेभरवशाचा पाऊस. इथला पाऊस लांबला की आफ्रिकेतल्या आयाबायांच्या ताटावर परिणाम होतो, एवढा हा बाजार जोडलेला आहे. एक किलो तांदळाला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागतं. जमिनीखालचं पाणी उपसून पिकवलेला तांदूळ बाहेर पाठवताना त्या पाण्याचाही हिशेब धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

500 फूट बोअर घेतली, कोरडी गेली. आणखी खोल जाऊ का? (शेतकरी, पारोळा)

नको, दादा. तुमच्याकडे काळा पाषाण आहे. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये असतं, खोलवरच्या अखंड खडकात नाही. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर. 500 मिलिमीटर पडला तर वीस लाख लिटर. तेच अडवून जिरवायचं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं, पाणी अडवलं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. नव्या बोअरचे पैसे बांधबंदिस्तीला आणि विहिरीचा गाळ काढायला लावा, आणि मेअखेरच सुरुवात करा.