मंबल रॅप, बोळकं तोंड आणि आंब्यातला 'ब'

प्रश्न असा आला आहे: 'माझा भाचा दिवसभर फ्यूचर, यंग थग, प्लेबॉय कार्टी ऐकतो. आम्ही टुपॅक, नास आणि एमिनेमवर वाढलो, म्हणजे ओल्ड स्कूलवाले. त्याच्या गाण्यांतला एक शब्द आम्हाला कळत नाही. याला मंबल रॅप म्हणतात असं समजलं. मराठीत पुटपुट रॅप म्हटलं तर चालेल का? आणि रॅप म्हणजे रिदम अँड पोएट्री. मग ज्यात पोएट्रीच नाही त्याला रॅप कसं म्हणायचं?'

शेवटच्या वाक्याचा निकाल आधी लावतो, कारण ते वाचून डोकं उठलं. रॅप म्हणजे रिदम अँड पोएट्री नाही. कधीच नव्हतं. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, असं सांगणारे फॉरवर्ड ज्या कारखान्यात तयार होतात तिथलाच हा माल. 'रॅप' हा इंग्रजीतला जुना शब्द आहे. अर्थ ठोकणं, टकटक करणं. सोळाव्या शतकापासून तोंडातून फटकन काही काढणं, विशेषतः शिवी हासडणं, यासाठीही तो वापरात आहे. पुढे आफ्रिकन अमेरिकन बोलीत त्याचा अर्थ गप्पा हाणणं, बोलण्याने समोरच्याला गुंगवणं असा झाला. १९६७ मध्ये अमेरिकेत नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष झालेला एच. रॅप ब्राउन या नावाने ओळखला जायचा तो जिभेमुळे, आद्याक्षरांमुळे नव्हे. सोल गायक आयझॅक हेजच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्यांवर 'आइक्स रॅप' नावाचे तुकडे आहेत, तेही ऐका. संथ, घोगरं, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं बोलणं. म्हणजे ध्वनिमुद्रिकेवर 'रॅप' हे नाव आलं तेव्हा त्या नावाखाली जे ऐकू येत होतं ते तुमच्या भाच्याच्या गाण्यांशी जास्त जुळतं, एमिनेमशी कमी.

आणि टुपॅक, नास म्हणजे ओल्ड स्कूल नव्हे. ओल्ड स्कूल साधारण १९८३-८४ पर्यंतचं. त्यानंतर न्यू यॉर्कचा रन-डीएमसी हा गट आला तेव्हा तो न्यू स्कूल होता. हे एवढंच, पुढे चला.

आता 'मंबल'. हा शब्द फार चवीचा आहे.

चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत त्याचं रूप 'मोमेलेन' असं होतं. त्यात 'ब' नाही. तो नंतर शिरला, आणि कसा शिरला हे मराठी माणसाला सांगायला नको, कारण आपण वर्षानुवर्षं तो 'ब' खात आलो आहोत. संस्कृत आम्र, प्राकृत अंब, मराठी आंबा. ताम्र, तंब, तांबं. 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जाते. पुढे 'र' किंवा 'ल' यायचा असेल तर नाकाची वाट बंद करून ओठ उघडायचे असतात. नाकाची वाट आधी बंद झाली आणि ओठ क्षणभर मिटलेलेच राहिले की मध्ये आपोआप 'ब' फुटतो. लॅटिन 'ह्युमिलिस'चं 'हंबल' असंच झालं. 'कॅमेरा' म्हणजे खोली. तिचं फ्रेंच वाटेने 'चेंबर' झालं, तेही असंच. आमराई ते अटलांटा, स्नायू सगळीकडे सारखेच आळशी.

पण माझा आनंद 'ब'पाशी संपत नाही. 'मोमेलेन'चा सर्वांत जुना सापडणारा अर्थ बोलण्याचा नाही, खाण्याचा आहे. हळूहळू, नीट न चावता चघळत राहणं. म्हणजे बोळक्या तोंडाने खाणं! 'अस्पष्ट बोलणं' हा अर्थ त्यामागून, काही दशकांनी दिसतो. कोशकार इथे फारसे थांबत नाहीत. 'मम' हे मिटलेल्या ओठांचं अनुकरण, त्यावरून हे क्रियापद, असं लिहून ते पुढच्या नोंदीकडे वळतात. मला हे पटत नाही, निदान पुरेसं वाटत नाही. ओठ मिटलेला माणूस गप्प असतो, तो मंबल करत नाही. मंबल करतो तो दात गेलेला. आपली वर्णमाला आठवा: त-थ-द-ध-न दंत्य, प-फ-ब-भ-म ओष्ठ्य. दात गेले की दंत्य वर्णांची पंचाईत होते, ओष्ठ्य शाबूत राहतात. आणि 'मंबल' शब्दात काय आहे? म, म, ब. सगळे ओठांचे. 'ल' तेवढा जिभेचा. बोळक्या तोंडाचं चित्र त्या तोंडाला जमतील अशाच वर्णांनी काढलंय. (इंग्रजीतले ट-ड हिरडीवरचे, दातांवरचे नव्हेत, हे सांगायला कोणी येण्याआधी सांगतो: मला माहीत आहे. पण 'थिंक'मधला थ आणि 'व्हॉइस'मधला व्ह दातांवाचून नीट निघत नाहीत.)

म्हणजे गंमत बघा. हा शब्द मुळात म्हाताऱ्यांसाठी शोभणारा. आज पन्नाशीतले लोक तो विशीतल्या पोरांवर फेकतात. आणि ती पोरं दातांवर सोन्याच्या, हिऱ्यांच्या जाळ्या चढवून फिरतात, ज्यांना ते ग्रिल म्हणतात. दातांवर धातू चढवला की दंत्य वर्णांचं काय होतं यावर कोणी ध्वनिशास्त्रज्ञाने काम करावं. माझा अंदाज मी मांडला.

हे लेबल चिकटलं २०१६ मध्ये. रॅपर विझ खलिफाने एका रेडिओ मुलाखतीत या नव्या पोरांच्या रॅपला मंबल रॅप म्हटलं आणि शब्द पसरला. त्याच वर्षी डिझायनर या रॅपरचं 'पांडा' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, ज्याचे शब्द लोक छापील वाचूनच समजून घेत होते. त्याच वर्षी लिल याटी या तरुण रॅपरने मुलाखतीत सांगून टाकलं की टुपॅक आणि त्याच्याच काळातला रॅपर बिगी यांची पाच गाणीही मला सांगता येणार नाहीत. जुनी मंडळी खवळली. पण याटीचा जन्म ऑगस्ट १९९७ चा. टुपॅक १९९६ मध्ये मारला गेला, बिगी मार्च १९९७ मध्ये. दोघेही जग सोडून गेल्यावर जन्मलेल्या मुलाकडून लोक पाठांतर मागत होते.

त्यानंतर हा शब्द इतका सैल झाला की आता मिगोज या त्रिकुटालाही मंबल म्हणतात. इथे मात्र मी भांडणार. मिगोजचं २०१३ चं 'व्हर्साची' ऐका. एका मात्रेत तीन-तीन अक्षरं, प्रत्येक अक्षर खणखणीत. तसली तिहेरी चाल मेम्फिसच्या थ्री सिक्स माफिया या गटाने नव्वदीतच वापरली होती. न कळणं वेगळं आणि न आवडणं वेगळं. दोन्हींना एकच शब्द वापरायचा हा शुद्ध आळस.

न कळण्यातही बराचसा भाग उच्चारदोषाचा नसून प्रांताचा आहे. रॅपचा प्रमाण उच्चार न्यू यॉर्कने ठरवला. १९९५ मध्ये 'सोर्स' या हिप हॉप मासिकाच्या पुरस्कारांत अटलांटाच्या आउटकास्टला नवोदित गटाचा पुरस्कार मिळाला तेव्हा न्यू यॉर्कच्या श्रोत्यांनी हुर्यो उडवली, आणि आउटकास्टमधल्या आंद्रे थ्री थाउजंडने मंचावरून बजावलं की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. फ्यूचर, यंग थग, मिगोज, कार्टी, याटी, सगळे अटलांटा आणि आसपासचे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवून मोकळं होणारे आपल्याकडे कमी नाहीत. तोच हा कान.

खरा फरक मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. जुनी आवड व्यंजनांची होती, नवी स्वरांची आहे. नव्वदीतल्या बूम बॅप शैलीत ढोलाचा दणका, स्नेअरचा फटका, वर एखाद्या जुन्या तबकडीचा तुकडा, आणि बाकी मोकळी जागा. त्या जागेत क, ट, प असे वर्ण छिन्नीसारखे उमटतात. ट्रॅपमध्ये, म्हणजे भाच्याच्या गाण्यांच्या शैलीत, एट-ओ-एट या ताल वाजवणाऱ्या यंत्राचा लांबलचक बास खाली पसरलेला, वर हाय-हॅट झांजांची बारीक चुरचुर, आणि आवाजावर सूर जुळवणारं ऑटोट्यून. ऑटोट्यूनला पकडायला सूर लागतो. सूर स्वरावर धरता येतो, 'ट'वर धरता येत नाही. म्हणून गाणारा अ, आ, ओ ओढतो आणि व्यंजनं विरघळतात. मराठीत अक्षरातला आणि संगीतातला दोन्ही 'स्वर'च, ही सोय इंग्रजीला नाही, म्हणून त्यांना हे समजवायला लेख लिहावे लागतात. आणि एमिनेमवाल्यांनी फार हसू नये. २०१० मध्ये टीव्हीच्या मुलाखतीत त्याने 'ऑरेंज'ला यमक जुळत नाही हा समज मोडून दाखवला, तो कसा? फोर-इंच, डोअर हिंज असे शब्द घेऊन त्यांचे स्वर वाकवून.

आता रॅप ज्यातून आला त्या 'हिप हॉप' या नावाकडे येतो, कारण तिथेही एक मोठा माणूस चुकलाय. रॅपर केआरएस-वन याने २००७ च्या 'हिप हॉप लिव्ह्ज'मध्ये शिकवलं की हिप म्हणजे जाण आणि हॉप म्हणजे हालचाल, म्हणून हिप हॉप म्हणजे जाणतेपणाने चालणं. माणूस थोर आहे, व्युत्पत्ती बोगस आहे. त्यावर कडी म्हणजे 'हिप' हा पश्चिम आफ्रिकेच्या वोलोफ भाषेतून आला, ही भाषाअभ्यासक डेव्हिड डाल्बीची कल्पना. ऐकायला सुंदर, कोशकारांना पुरावा मात्र मिळालेला नाही. सर्वाधिक सांगितली जाणारी हकीकत साधी आहे. १९७८ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या फ्युरियस फाइव्ह या गटातल्या काउबॉय नावाच्या रॅपरचा एक मित्र सैन्यात भरती झाला. त्याची टर उडवायला काउबॉय माइकवर कवायतीची नक्कल करू लागला, 'हिप, हॉप, हिप, हॉप'. आपलं लेफ्ट-राइट. काही जण श्रेय लवबग स्टार्स्की या डीजेला देतात. कुणालाही द्या, अर्थ तोच निघतो: नावाला अर्थ नाही. १९७९ च्या 'रॅपर्स डिलाइट' या गाजलेल्या रॅप गाण्याची सुरुवातच या निरर्थक अक्षरांनी होते. आणि त्या गाण्यावरही न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातले जुने लोक नाराज होते, कारण ते गाणाऱ्यांपैकी बिग बँक हँकने तिथल्याच ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी उचलल्या, इतक्या जशाच्या तशा की त्यांत कॅझचं नावही राहून गेलं.

डिसेंबर १९८१ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबमध्ये कूल मो डी या रॅपरने बिझी बी या रॅपरला गाठलं तेव्हाही आरोप हाच: लोकांना नाचवायला 'बा-डिडी-बा' करतोस, शब्द कुठे आहेत? २००६ मध्ये नासने हिप हॉप मेल्याचं अल्बमच्या नावातच जाहीर केलं. २००८ मध्ये जुन्या पिढीतला रॅपर आइस-टीने खुनी म्हणून सोल्जा बॉय या नव्या रॅपरकडे बोट दाखवलं, आणि सतरा वर्षांच्या त्या पोराने यूट्यूबवर आइस-टीचं वय काढलं. पुण्याच्या एमसी स्टॅन या रॅपरबद्दल आज घरोघरी जी कुरकुर चालते ती याच माळेतली.

हां, पुटपुट. नको. पुटपुटणं म्हणजे स्वतःशी, दबक्या आवाजात, ओठ हलवत. या गाण्यांनी गाडीच्या काचा थरथरतात. बरळणं तापात किंवा दारूत होतं, आणि त्यात निवाडा आधीच झालेला असतो. 'गुळणी धरून बोलतो' म्हणू नका. गुळणी धरणं म्हणजे गप्प बसणं. तक्रारच करायची असेल तर 'शब्द खातो' असं सरळ म्हणा. शैलीचं वर्णन करायचं तर 'गुणगुणता रॅप' मला जवळचं वाटतं, कारण गुणगुणण्यात शब्द सुटला तरी चाल सुटत नाही. नाव म्हणून मात्र मंबलच ठेवा आणि अनुस्वार देऊन लिहा. 'मम्बल' लिहायचं तर मग 'आम्बा'ही लिहा.

आणि भाच्याच्या त्या कार्टीवरून घरात जे विनोद होत असतील ते थांबवा. त्याचं खरं आडनाव कार्टर, म्हणजे गाडीवान. रॅपर जे-झीचं आडनावही कार्टर. रॅपर लिल वेनही कार्टर. तिघांचं एकमेकांशी नातं नाही.