बोटीला भोक पाडण्याआधी

मासेमारीची बंदी 1 जूनला लागते आणि 31 जुलैला उठते. बोटी वर ओढलेल्या असतात त्या याच दोन महिन्यांत, आणि खोली, मासे आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्रांचे सेन्सर बसवायची वेळही तीच. तरी दरवर्षी पत्रांचा ढीग येतो तो जुलै सरताना, आणि घोळ तोच. कोणतं यंत्र घ्यावं याची चौकशी महिनाभर चालते. ते कुठे बसवायचं हे मात्र बसवणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं असतं. म्हणून या वेळी फक्त जागेचे प्रश्न घेतले आहेत.

माझ्या भावाची लाकडी ट्रॉलर हर्णैला आहे. मी पुण्याहून फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि खोली पडद्यावर दाखवणारं यंत्र) पाठवला. बोट उभी असताना समुद्राचा तळ स्वच्छ दिसतो, चालू लागली की पडद्यावर नुसते ठिपके. मिस्त्रीने त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे बोटीखालचा सेन्सर, पंख्याजवळ बसवलाय. तिथे पाणी ढवळतं म्हणून शेवाळ धरत नाही म्हणे. दुकानदार 1000 वॅटचा घ्यायला सांगतो. घेऊ का? (कोथरूड)

घेऊ नका. उभ्या बोटीत तळ दिसतो, म्हणजे यंत्र शाबूत आहे. चुकली आहे ती जागा.

ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाज सोडतो आणि परत येणारा आवाज ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. वाटेत हवेचा बुडबुडा आला की आवाज त्याच्यावरूनच परततो, खाली पोचतच नाही. पंख्याजवळ बुडबुड्यांशिवाय दुसरं काय असणार? वॅट वाढवलेत तर बुडबुड्यांचा प्रतिध्वनीही तेवढाच वाढेल आणि तुमचे पैसे जातील. पडदा ठिपक्यांनी भरला की मोठं यंत्र गळ्यात मारायचं, हा धंदा मी वर्षानुवर्षं पाहतो आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. बोट ओढून तळाशी एकदा वाकून बघायला कोणी तयार नसतं.

तुमच्या भावाच्या बोटीसारख्या, पाणी कापत सावकाश जाणाऱ्या बोटीला चांगली जागा पुढच्या बाजूला मिळते. पाण्यात बुडणाऱ्या लांबीचे तीन भाग करा. नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) पहिला भाग संपतो तिथे, मधल्या कण्यापासून 15 ते 30 सेंटिमीटर बाजूला. पंखा मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू घ्या, कारण तिकडे पातं खाली जातं. या जागेच्या पुढे इंजिनाचं पाणी खेचणारं तोंड, सांडपाण्याचं भोक किंवा फळीचा उंचवटा नको. बोटीचा तळ तिरका असतो, म्हणून ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली राहील असा ठोकळा तासून घ्यावा लागेल. लाकूड पाण्यात फुगतं आणि प्लॅस्टिकची बॉडी आवळून फोडतं, तेव्हा ब्राँझचीच घ्या. शेवाळासाठी तोंडावर पाण्यात कालवलेल्या अँटीफाउलिंग (शेवाळ धरू न देणाऱ्या) रंगाचा पातळ हात पुरतो. थिनरचा रंग लावू नका, तोंड खराब होतं.

ही मापं सर्वसाधारण आहेत. भोक पाडण्याआधी तळाचे फोटो मरीन इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराला आणि बोट बांधणाऱ्या सुताराला, दोघांनाही दाखवा.

उजनीत माझी फायबरची होडी आहे, आउटबोर्डवर (मागे बाहेरून लावलेल्या इंजिनावर) चालते. भोक न पाडता आतून चिकटवता येईल का? (भिगवण)

फायबर भरीव असेल तर येईल. थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर नाही. होडी बनवणाऱ्याला विचारा. चिकटवण्याआधी करून बघा: प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि ट्रान्सड्यूसर घालून पिशवी आतून तळाशी घट्ट दाबून धरा आणि खोली वाचा. मग तोच ट्रान्सड्यूसर होडीबाहेर पाण्यात धरून वाचा. दोन्ही आकडे जुळले तर जागा चांगली. पाण्याचं तापमान मात्र आतून कळणार नाही.

मागच्या फळीवर लावायचा असेल तर पंख्याच्या घेरापासून निदान 75 मिलिमीटर दूर ठेवा आणि चालत्या होडीत मागे वाकून पाणी बघा. तुमच्याच भागातल्या एका होडीत तळाला जुन्या दुरुस्तीचा गाठीएवढा उंचवटा होता. त्याच्यामागून सुताच्या धाग्यासारखी पांढरी रेघ निघून थेट ट्रान्सड्यूसरवर जात होती. वीतभर बाजूला सरकवला आणि पडदा निवळला.

जीपीएसचा अँटेना डोलकाठीच्या टोकाला लावला तर जास्त अचूक चालेल ना? (पिंपरी)

नाही. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर वर आहेत, तुमच्या सहा मीटरांनी त्यांना फरक पडत नाही. उलट बोट दोन्हीकडे वीस-वीस अंश डोलली तर ते टोक चार मीटर हेलकावतं आणि उभी बोट पडद्यावर चालताना दिसते. केबिनच्या छतावर, उघड्या आभाळाखाली, रडारच्या झोताबाहेर लावा. टोकाची जागा व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाला द्या. त्याला उंचीचा खरा उपयोग आहे.

दिशादर्शक सेन्सर कधी बरोबर, कधी वीस अंश चुकीचा. (हडपसर)

शेजारी स्पीकर असेल, त्यात लोहचुंबक असतो. सेन्सर इंजिन, बॅटरीच्या तारा आणि लोखंडापासून निदान मीटरभर दूर, बोटीच्या मध्याजवळ आणि खालच्या बाजूला बसवा. मग शांत पाण्यात सावकाश फेऱ्या मारून कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा जुळवून घ्या. तरीही चुकला तर, आणि बोट पोलादी असेल तर आधीच, होकायंत्र जुळवणाऱ्या जाणकाराला बोलवा. जीपीएस बंद पडला की तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) हाती दिशा सांगायला एवढंच उरतं.

ट्रान्सड्यूसरची केबल कमी पडते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, वायर आणून जोड दिला तर? (कर्वेनगर)

नको. कंपनीचीच एक्स्टेन्शन केबल लावा.

सरकारी ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र) केबिनमध्ये हलवू का? बाहेर खारं पाणी उडतं. (वारजे)

परस्पर हलवू नका. त्याला उघडं आभाळ लागतं, आणि संकटात तुमचा निरोप त्यातूनच जाणार आहे. मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारा.

बोट अजून वाळूवर आहे, पण रंग झालाय. नारळी पौर्णिमेनंतर बसवलं तर चालेल? (धनकवडी)

नाही. पाण्यात उतरलेल्या बोटीच्या तळाला भोक पाडता येत नाही. सुतार आणि बसवणारा दोघांना याच आठवड्यात एकाच दिवशी बोलवा. रंग पुन्हा लावता येतो.