गाइडबुकमधला 'सोपा' मार्ग अवघड का गेला?

तुम्ही लिहिलंय की जवळच्या डोंगरवाटांचं सायकलिंगचं गाइडबुक घेतलं आणि त्यातला पहिलाच 14 किलोमीटरचा 'सोपा' मार्ग केला. पुस्तकात दोन तास दिले होते, तुम्हाला साडेचार लागले. चढावर बराच वेळ सायकल ढकलावी लागली, आणि 6.4 किलोमीटरवरचं डावं वळण तर सापडलंच नाही. आता पुस्तक ठेवून द्यावं आणि नुसत्या अ‍ॅपवर जावं का, असं विचारताय.

ठेवून देऊ नका. लेखकाचं माप आणि तुमचं माप अजून जुळलेलं नाही, एवढंच झालंय. ते जुळवायला दोन-तीन राइड लागतात.

नवं गाइडबुक हातात आलं की मी आधी त्यातला माझ्या पायाखालचा मार्ग शोधतो, जो मी अनेकदा केलाय. वर्णन घरी नीट वाचतो आणि मग पुस्तक सोबत घेऊन तोच मार्ग पुन्हा करतो. रस्ता शोधायचा नसल्यामुळे सगळं लक्ष लेखकाच्या शब्दांवर राहतं. एका पुस्तकात 'छोटा खडा चढ' असं लिहिलेला चढ मोजला तर 80 मीटर उंचीचा भरला. तेव्हापासून त्या पुस्तकात 'छोटा' दिसला की मी पाव तास धरूनच चालतो. लेखकाने तो मार्ग कितीतरी वेळा केलेला असतो. फाट्यावर थांबून विचार करणं, पाणी पिणं, नकाशा फिरवून बघणं त्याच्या दोन तासांत बहुधा धरलेलं नसतं.

'सोपा' या शब्दाचा अर्थ प्रस्तावनेत दिलेला असतो. ती दोन पानं बहुतेक जण उलटून पुढे जातात, तुम्ही मात्र ती आधी वाचा. हिरवं वर्तुळ (सोपं), निळा चौकोन (मध्यम), काळा हिरा (अवघड) ही चिन्हं स्कीइंगच्या उतारांवरून आली आहेत, आणि माउंटन बाइकिंगसाठी इम्बा या संघटनेने त्यांना मापं जोडली. हिरव्यात वाट साधारण 90 सेंटिमीटर रुंद आणि सरासरी चढ-उतार 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे 100 मीटर अंतरात 5 मीटर. निळ्यात 60 सेंटिमीटर, 10 टक्के, आणि टाळता न येणारे अडथळे 20 सेंटिमीटर उंचीपर्यंत. काळ्यात वाट 30 सेंटिमीटरपर्यंत अरुंद, चढ-उतार 15 टक्क्यांपर्यंत आणि अडथळे 38 सेंटिमीटरपर्यंत. ही सगळी मापं वाटेची आहेत. मार्ग किती लांब आहे, एकूण किती चढायचंय, हे त्यात येत नाही. काही पुस्तकं एस-0 ते एस-5 अशी श्रेणी देतात. तिचा भर मुख्यतः उतार किती तांत्रिक आहे यावर असतो. म्हणजे रुंद, गुळगुळीत वाटेने 450 मीटर चढवणारा मार्गही 'सोपा' ठरू शकतो आणि तरी पाय पार दमवतो. तुमच्या बाबतीत हेच झालं असावं असं मला वाटतं.

म्हणून अंतराच्या शेजारी दिलेला एकूण चढ आधी बघा. चालणाऱ्यांसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी 1892 मध्ये एक हिशेब मांडला होता: ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. सायकलला हे आकडे लागू नाहीत, पण चढ वेगळा मोजायचा हे तत्त्व पक्कं आहे. माझे आकडे असे: ताशी 10 किलोमीटर, दर 400 मीटर चढाला एक तास, आणि वाट पहिल्यांदा करत असलो तर येईल त्याच्या दीडपट. 14 किलोमीटर आणि 450 मीटर चढ असेल तर मीसुद्धा पावणेचार तास धरूनच निघेन. पाच-सहा राइडनंतर तुमचे स्वतःचे आकडे तयार होतील.

चढ कुठे आहे हे नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सांगतात. 1:50,000 च्या नकाशावर रेषांमध्ये 20 मीटरचा फरक असेल, तर वाटेवर मोजलेलं दोन रेषांमधलं 4 मिलिमीटर अंतर म्हणजे 10 टक्के चढ. 2 मिलिमीटर म्हणजे 20 टक्के. तिथे मी तरी उतरून ढकलतो. निघण्यापूर्वी फूटपट्टी घेऊन पाहिलं तर ढकलायचा टप्पा आधीच कळतो.

आता ते चुकलेलं वळण. सायकलवर वेगळा मीटर लावला असेल तर त्यात भरलेला चाकाचा परीघ तपासा. 26 इंची चाकाचा परीघ साधारण 2,070 मिलिमीटर, 29 इंचीचा 2,290 च्या आसपास. 29 चं चाक आणि मीटरमध्ये 26 चं सेटिंग राहिलं, तर 6.4 किलोमीटरला मीटर 5.8 च दाखवतो. तुम्ही वळण ओलांडून पुढे जाता आणि भलत्याच ठिकाणी ते शोधत बसता. फोनचं जीपीएसही दाट झाडीत आणि नागमोडी वाटेवर चुकतं. त्यामुळे मी सुरुवातीपासूनच्या अंतरावर विसंबत नाही. प्रत्येक पक्क्या खुणेवर ट्रिपमीटर शून्य करतो आणि पुढच्या वळणापर्यंतचंच अंतर मोजतो. पक्की खूण म्हणजे ओढा, खिंड, विजेची मोठी लाइन. पाटी किंवा पडलेलं झाड खूण म्हणून धरू नका, पुस्तक छापल्यानंतर ती हललेली असू शकतात. एका वेळी दोन वळणांपर्यंतचं वर्णन वाचून डोक्यात ठेवा, म्हणजे पहिलं चुकलं तरी दुसरं न दिसल्यावर लगेच शंका येते.

अ‍ॅप जरूर वापरा. आपण आत्ता कुठे आहोत हे त्याच्याइतकं चटकन काहीच सांगत नाही. पण हा मार्ग उजवीकडूनच का फिरायचा, पावसानंतर कुठल्या टप्प्यावर चिखल चाकाला धरतो, हे वाट समजून घेतलेला माणूस लिहितो तेव्हाच कळतं. अ‍ॅपवर कुणी टाकलेला ट्रॅक कधी कधी वाट चुकलेल्याचाही असतो. पुस्तकाचं प्रकाशनवर्ष मात्र बघून घ्या. वाट बंद केलेली दिसली किंवा फाटकाला कुलूप असलं तर पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, मागे फिरा.

आणि पुस्तकात पेन्सिलीने बिनधास्त लिहा. तारीख, प्रत्यक्ष लागलेला वेळ, टायरमधली हवा, कुठे चुकलो. आता तोच मार्ग पुन्हा करा. त्या डाव्या वळणाच्या आधीची पक्की खूण कोणती ते वर्णनात शोधा, तिथे मीटर शून्य करा, आणि वळण सापडलं की खरा आकडा समासात लिहून ठेवा.