व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे म्हणून गावच्या ग्रुपवर कागदपत्रं टाकावीत का?

नको. एन्क्रिप्शन म्हणजे मेसेजला लावलेलं कुलूप, जे फक्त पाठवणारा आणि घेणारा या दोन टोकांनाच उघडतं. ते रस्त्यातल्या चोरासाठी असतं, घरात बसलेल्या पाहुण्यासाठी नाही. व्हॉट्सॲपने 2016 मध्ये ते सगळ्यांना लागू केलं, म्हणजे मधल्यामध्ये कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. पण ग्रुपमधला प्रत्येक फोन हे दुसरं टोकच की! आणि ग्रुपमध्ये 1024 जण मावतात.

खानापूरकडच्या आमच्या मावशीला पेन्शनचं पत्र कन्नडमध्ये आलं. तिला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या सीमाभागात असे घरोघरी सापडतील. तिनं फोटो काढून थेट ग्रुपवर टाकला, ‘कुणीतरी वाचून सांगा रे.’ पाच मिनिटांत पुण्याच्या भाच्यानं सांगितलं. सोय झालीच, नाही म्हणत नाही. पण खातं नंबर, पत्ता, मोबाईल, सगळं जत्रेच्या वर्गणीसाठी केलेल्या ग्रुपवर! निम्मी माणसं तिच्या ओळखीचीसुद्धा नाहीत. नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो राहतोच.

कन्नड वाचायचंच असेल तर गूगल लेन्स मराठीत अर्थ दाखवतं, कच्चा असला तरी कामापुरता. नाहीतर एकट्या भाच्यालाच पाठवा, नंबरावर बोट ठेवून फोटो काढा. आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.