सूज, जनुकं आणि एमबीए

प्रश्न : मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सूज येते तेव्हा रोगप्रतिकारक पेशी जनुकं कशी चालू-बंद करतात, यावर तिला पीएचडी करायची आहे. यात नोकरी मिळेल का? एमबीए बरं नाही का? घरी सासूबाईंना संधिवात आहे, तेव्हापासून हे खूळ आहे. – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, खूळ म्हणू नका. सासूबाईंना कदाचित टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन अडवणारं इंजेक्शन सुचवलं गेलं असेल. ते याच अभ्यासातून आलंय. जिवाणूच्या आवरणाचा अंश मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीला जाणवला की एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ आणि त्याच्यासारखंच आयएल-६ यांची जनुकं चालू करतं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते शोधलं. खरी गंमत पुढे आहे. हेच प्रथिन स्वतःला अडवणाऱ्या आयकप्पाबी-आल्फा या प्रथिनाचंही जनुक चालू करतं, म्हणजे सुरुवात करतानाच आवरायची सोय. ही सोय का बिघडते, इथे काम भरपूर उरलंय.

रोजचं काम मात्र असं : प्लेटमधल्या पेशींवर एलपीएस, म्हणजे तोच जिवाणूच्या आवरणाचा अंश, टाकायचं, एक तासाने, चार तासांनी आरएनए (चालू जनुकाची नक्कल) काढायचा, तो मोजायला क्यूपीसीआर ही चाचणी लावायची. आलेख वाकडा आला की पुन्हा पहिल्यापासून. हे तिला झेपतंय का, ते पाहिल्याशिवाय पीएचडीचा विचार नको. विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, पाषाणची आयसर ही विज्ञान संस्था इथल्या प्राध्यापकांना तिने स्वतः ईमेल करावा, प्रकल्पासाठी. तुम्ही फोन करू नका!

एमएस्सीसाठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी, त्यानंतर पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी नेट. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ या शिष्यवृत्तीत सध्या महिना ३७ हजार आणि घरभाडे भत्ता मिळतो. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण पुण्यात लस आणि जैविक औषधांच्या कंपन्या आहेत, आणि पेशी सांभाळता येणारा माणूस तिथे लागतो.

एमबीए दोन-चार वर्षं नोकरी करूनही करता येतं. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांचं घोडं अडतं ते गणितात. हजारो जनुकांचे आकडे एकदम येतात, आणि ते वाचायला संख्याशास्त्र आणि आर ही संगणकभाषा लागते. परीक्षा संपली की तिला आधी त्याच्या क्लासला घाला.